दार उघडल्यानंतर

प्रस्तावना

घरातील पहिलीच मुलगी किंवा पहिलाच मुलगा महाविद्यालयात जाणार असला, की त्या घरात सणासारखा आनंद असतो. प्रवेश मिळाला म्हणजे अवघड घाट ओलांडला, पुढची वाट सपाटीची, असे सर्वांना वाटते. परंतु वर्ष संपता संपता अशांपैकी काही विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडून घरी परततात. ‘अभ्यास झेपला नाही’ एवढेच कारण लोक सांगतात. ते नेहमी खरे असते का? बुद्धी आहे, कष्टांची तयारी आहे, प्रवेशही मिळाला आहे. मग पाऊल अडखळते ते कशाला?

हा प्रश्न अमेरिकेतील विद्यापीठांपुढेही उभा राहिला. त्याच्या उत्तराच्या शोधातून तेथे ‘बहुसांस्कृतिक केंद्र’ ही संस्था आकाराला आली. हे केंद्र कसे निर्माण झाले, तेथे कोणते काम चालते आणि अलीकडे त्याच्यापुढे कोणता पेच उभा राहिला आहे, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• प्रवेश मिळणे आणि शिक्षणात टिकून राहणे यांतील फरक सांगता येईल;
• बहुसांस्कृतिक केंद्राच्या कार्याचे वर्णन करता येईल;
• अशा केंद्राविषयीच्या दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत सांगता येईल;
• ‘इक’ प्रत्यय लागून होणारी विशेषणे ओळखता व तयार करता येतील.

मूळ पाठ

१. प्रवेश आणि टिकाव

अमेरिकेतील अनेक राज्यांत कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या मुलांपासून वेगळ्या शाळांत बसवण्याची प्रथा कायद्यानेच चालत आली होती. १९५४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील ही विभागणी घटनाबाह्य ठरवली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने गरीब विद्यार्थ्यांसाठी आर्थिक साहाय्याची सोय केली. पिढ्यान्‌पिढ्या बंद असलेले दार अशा रीतीने उघडू लागले.

दारातून आत आलेल्या विद्यार्थ्याचा अनुभव मात्र सुखाचा नव्हता. शेकडो मुलांच्या वर्गात आपल्यासारखा दुसरा कोणी नाही, शिकवणाऱ्यांतही नाही. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी आठवड्यातील काही तास राखून ठेवलेले असतात आणि त्या वेळी जाऊन शंका विचारायच्या असतात, ही साधी गोष्ट शिकलेल्या घरातील मुलाला आईवडिलांकडून कळते. शेतमजुराच्या मुलाला ती कोण सांगणार? पहिल्या चाचणीत गुण कमी पडले, तर एक विद्यार्थी म्हणतो, ‘प्रश्नपत्रिका कठीण होती.’ दुसरा म्हणतो, ‘ही जागा माझी नव्हेच.’ अपयश एकच. पण दोघांनी त्याचे लावलेले अर्थ वेगळे, आणि म्हणून त्याचे परिणामही वेगळे.

लोकसंख्येच्या मानाने ज्या समाजगटांतील विद्यार्थी उच्च शिक्षणात फारच थोडे असतात, त्या गटांना ‘अल्पप्रतिनिधित्व असलेले गट’ असे म्हणतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय, तेथील मूळ रहिवासी जमाती, तसेच मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांचे वंशज यांची गणना प्रामुख्याने अशा गटांत होते. विद्यार्थी महाविद्यालय का सोडतात, याविषयी विन्सेंट टिंटो या अभ्यासकाने १९७५ मध्ये एक उपपत्ती मांडली. विद्यार्थी टिकतो की जातो, हे त्याच्या अभ्यासाइतकेच तेथील समूहजीवनात तो किती सामावला गेला यावरही अवलंबून असते, असे त्याचे प्रतिपादन होते.

२. सिएटलमधील मागणी

वॉशिंग्टन विद्यापीठ हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिएटल शहरात आहे. १९६८ च्या आरंभी तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आपली संघटना स्थापन केली. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि सारा देश हादरला. २० मे १९६८ रोजी या संघटनेचे विद्यार्थी विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स ओडेगार्ड यांच्या कार्यालयात शिरले आणि तेथेच ठाण मांडून बसले. अल्पसंख्य समाजांतील अधिक विद्यार्थ्यांना प्रवेश द्यावा, त्यांच्यातील शिक्षक नेमावेत आणि कृष्णवर्णीयांचा इतिहास व संस्कृती यांचा अभ्यासक्रम सुरू करावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

या विद्यार्थ्यांनी केवळ स्वतःपुरते मागितले नाही. मूळ रहिवासी जमातींतील आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठीही त्यांनी जागा मागितल्या. अध्यक्षांनी मागण्या तत्त्वतः मान्य केल्या. त्यानंतर विद्यार्थी स्वतःच गावोगाव गेले. याकिमा खोऱ्यातील फळबागांत आणि शेतांत राबणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या मजुरांची मुले याच काळात विद्यापीठात आली.

परंतु नुसती भरती करून भागणार नव्हते. आलेली मुले टिकली पाहिजेत, हे विद्यापीठाच्याही ध्यानात आले. १९७० मध्ये अल्पसंख्य विद्यार्थ्यांच्या कामासाठी उपाध्यक्षाचे स्वतंत्र पद निर्माण झाले आणि त्यावर सॅम्युअल केली यांची नेमणूक झाली. पूर्वी सैन्यात अधिकारी असलेले केली हे त्या विद्यापीठाच्या वरिष्ठ प्रशासनातील पहिले कृष्णवर्णीय होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथे सांस्कृतिक केंद्राची इमारत उभी राहिली. तिच्यात निरनिराळ्या समाजांच्या नावाने खोल्या होत्या आणि भिंतींवर त्या त्या समाजाच्या जीवनाची मोठी चित्रे रंगवलेली होती. २०१३ मध्ये त्याच जागी नवी, प्रशस्त इमारत झाली आणि तिला केली यांचे नाव देण्यात आले.

याच सुमारास इतर विद्यापीठांतही अशी केंद्रे निघाली. येल विद्यापीठात १९६९ मध्ये कृष्णवर्णीयांचे, १९८१ मध्ये आशियाई वंशीयांचे आणि १९९३ मध्ये मूळ रहिवाशांचे केंद्र सुरू झाले. काही विद्यापीठांत प्रत्येक समाजाचे घर वेगळे राहिले, तर काही ठिकाणी सर्वांचे मिळून एकच बहुसांस्कृतिक केंद्र झाले.

पाठगत प्रश्न १
(अ) टिंटो यांच्या मते विद्यार्थ्याचा टिकाव कोणत्या दोन गोष्टींवर अवलंबून असतो?
(आ) सिएटलमधील विद्यार्थ्यांच्या मागणीत कोणते औदार्य दिसते?
(इ) योग्य पर्याय निवडा : केली यांची उपाध्यक्षपदी नेमणूक ____ मध्ये झाली. (१९५४ / १९६४ / १९७०)

३. केंद्रात काय चालते?

अशा केंद्रात पाऊल टाकले, तर प्रथम दिसते ती एक बैठकीची खोली. दोन तासिकांमधल्या वेळात विद्यार्थी तेथे येतात, डबा खातात, गप्पा मारतात, कोचावर पुस्तक उघडून बसतात. वरवर पाहता हा रिकामा वेळ वाटतो. परंतु कोणत्या प्राध्यापकांचा तास चुकवू नये, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत केव्हा संपते, वापरलेली पुस्तके स्वस्तात कोठे मिळतात, ही सारी माहिती याच गप्पांतून एकाकडून दुसऱ्याकडे जाते. शिकलेल्या घरांत जे ज्ञान जेवणाच्या पानावर मिळते, ते येथे मित्रांकडून मिळते.

केंद्रांचे दुसरे काम सल्ला देण्याचे. कोणते विषय घ्यावेत, पैशांची अडचण आली तर कोणाकडे जावे, घरची आठवण येऊन मन लागेनासे झाले तर काय करावे, हे विचारायला तेथे जबाबदार माणूस असतो. तिसरे काम जोडीदार मिळवून देण्याचे. वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थी नव्या विद्यार्थ्याचा मार्गदर्शक होतो. ज्या वाटेने तो नुकताच गेलेला असतो, तिच्यावरील खाचखळगे त्याला ठाऊक असतात. चौथे काम अभ्यासातील मदतीचे. सिएटलच्या विद्यापीठात गणित, रसायनशास्त्र यांसारख्या विषयांच्या शिकवणीसाठी याच कार्यालयाच्या अखत्यारीत एक स्वतंत्र शिक्षणकेंद्र चालवण्यात आले.

पाचवे काम संस्कृतीच्या आदानप्रदानाचे. आपला सण, आपली गाणी, आपल्या लोकांचा इतिहास विद्यापीठाच्या आवारात मानाने मांडता आला, की विद्यार्थ्याला आपले घर आणि आपले शिक्षण यांतून एकाची निवड करावी लागत नाही. हे कार्यक्रम पाहायला इतर समाजांतील विद्यार्थीही येतात. आपल्या शेजारी बसणाऱ्याचे जग त्यांना तेथे प्रथमच दिसते.

४. एकट्याचा अभ्यास आणि सोबतीचा अभ्यास

सोबतीने खरोखर काही फरक पडतो का? याचे उत्तर कॅलिफोर्नियातील बर्कली येथे गणिताच्या एका अभ्यासकाने शोधले. १९७० च्या दशकात युरी ट्रीझमन यांच्या लक्षात आले, की कलन या गणितशाखेच्या पहिल्या परीक्षेत अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडतात. यांपैकी पुष्कळ जण आपापल्या शाळांत पहिल्या श्रेणीचे विद्यार्थी होते. प्राध्यापकांना कारणे विचारली, तेव्हा जिद्दीचा अभाव, कच्ची तयारी, घरातून प्रोत्साहन नसणे आणि गरिबी अशी चार कारणे पुढे आली. ट्रीझमन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करण्याचा दिनक्रम प्रत्यक्ष पाहिला. चारांपैकी एकही कारण टिकले नाही.

फरक निराळाच निघाला. कृष्णवर्णीय विद्यार्थी नेमाने अभ्यास करत होते. पण प्रत्येक जण एकटा. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी आपापला अभ्यास करून मग एकत्र बसत, एकमेकांची उदाहरणे तपासत, चुका दाखवत. एखादे उदाहरण गटातील कोणालाच सुटले नाही, तर ते मुळातच कठीण आहे हे त्यांना कळे. एकट्याला मात्र आपण चुकलो की उदाहरणच अवघड आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

यावरून ट्रीझमन यांनी १९७८ च्या सुमारास कार्यशाळा सुरू केल्या. त्यांचा विशेष असा, की ‘कच्च्या मुलांची शिकवणी’ असे त्यांचे स्वरूप ठेवले नाही. उलट नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे देऊन ती गटाने सोडवायला सांगितली. कार्यशाळेत भाग घेतलेल्या विद्यार्थ्यांचे गुण लक्षणीय वाढले आणि अनुत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण घटले. दया दाखवल्याने मन खचते. आव्हान आणि सोबत मिळाली की ते उभे राहते, हा या प्रयोगाचा धडा होय.

२०११ मध्ये ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘आपण येथले नाही असे सुरुवातीला सर्वांनाच वाटते, पुढे ही भावना ओसरते,’ हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांचे अनुभव पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुमारे तासाभराच्या सत्रात वाचायला दिले. पुढील तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांपासूनचे त्यांचे अंतर निम्म्यावर आले. हा प्रयोग ९२ विद्यार्थ्यांपुरताच होता. त्यामुळे त्याला रामबाण उपाय समजता येणार नाही. तरीही ‘ही जागा माझीही आहे’ ही भावना किती मोलाची असते, हे त्यावरून कळते.

५. वेगळी खोली की एकच अंगण?

बहुसांस्कृतिक केंद्रांवर आक्षेपही घेतले गेले. पहिला आक्षेप असा, की वेगळे केंद्र काढल्याने विद्यार्थी आपापल्या कोषात राहतात. ज्या भिंती पाडायच्या, त्याच नव्याने उभ्या होतात. दुसरा आक्षेप असा, की जनतेच्या पैशांतून चालणाऱ्या संस्थेने वंशाचा विचार न करता सर्वांना एकाच मापाने वागवावे. केंद्रांचे समर्थक यावर म्हणतात, की हे विद्यार्थी दिवसाचा बहुतेक वेळ इतरांबरोबरच घालवतात. तासा-दोन तासांचा विसावा मिळाला, तर ते मोठ्या समूहात अधिक धीराने वावरतात. शिवाय केंद्राचे दार कोणालाही बंद नसते.

हा वाद कायदेमंडळांपर्यंत पोहोचला. वॉशिंग्टन राज्यात १९९८ मध्ये मतदारांनी सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वंशावरून प्राधान्य देण्यास मनाई करणारा प्रस्ताव मंजूर केला. तरीही सिएटलचे केंद्र चालू राहिले आणि पुढे त्याची नवी इमारतही झाली. टेक्सास राज्यात निराळे घडले. तेथे २०२३ मध्ये संमत झालेला कायदा १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला आणि सरकारी विद्यापीठांतील अशा स्वरूपाची कार्यालये बंद करावी लागली. ऑस्टिन येथील विद्यापीठाचे बहुसांस्कृतिक केंद्र त्यात बंद झाले. त्याच्या आधाराने चालणाऱ्या विद्यार्थी संघटनांचे पाठबळ गेले. त्याच वर्षी युटा राज्यातील नव्या कायद्यानंतर तेथील विद्यापीठाचे कृष्णवर्णीय सांस्कृतिक केंद्रही बंद झाले.

म्हणजे अर्धशतकापूर्वी ठाण मांडून मिळवलेली खोली एका कायद्याने जाऊ शकते. खोली गेली तरी तिची गरज मात्र जात नाही. पहिल्या चाचणीत मागे पडलेला विद्यार्थी पुढच्या वर्षीही येणारच. त्याने कोणाकडे जावे, हा प्रश्न उरतोच.

६. आपल्याकडील विचार

मराठी वाचकाला हा पेच परका वाटणार नाही. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात डोके टेकायला जागा नसेल, तर शाळेचे दार उघडे असून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले होते. ज्या काळी एका जातीचा मुलगा दुसऱ्या जातीच्या पंक्तीला बसू शकत नव्हता, त्या काळी समाजवार वसतिगृहे हीच व्यवहार्य वाट होती. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकाच छपराखाली आणि एकाच पंक्तीत आणले आणि त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचेच नाव दिले. वेगळी खोली आणि एकच अंगण या दोन्ही वाटा महाराष्ट्राने चालून पाहिल्या आहेत. त्या एकमेकींच्या विरोधी आहेत असे मानण्याचे कारण नाही. पहिलीने मुलांना उभे केले, दुसरीने त्यांना एकत्र आणले.

स्वतंत्र भारतात २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांत समान संधी कक्ष असावा, असा नियम केला. कक्षाची पाटी लावणे सोपे असते. त्या पाटीमागे ऐकून घेणारा माणूस, विचारण्याचे धैर्य देणारा मित्र आणि बसायला जागा असेल, तरच नियमाला अर्थ येतो.

तुम्ही मुक्त विद्यालयाचे विद्यार्थी आहात. नोकरी, संसार, शेती सांभाळून तुम्ही शिकत आहात आणि बहुतेक वेळा एकटेच शिकत आहात. बर्कलीचा धडा तुमच्यासाठीही आहे. संपर्क वर्गात भेटलेल्या दोघा-तिघांशी ओळख करून घ्या. आठवड्यातून एकदा एकत्र बसा. आधी आपापला अभ्यास करा, मग एकमेकांची उत्तरे तपासा. जे कोणालाच आले नाही, ते शिक्षकांना विचारा. दार उघडण्याचे काम शासन आणि संस्था करतात; आत आलेल्याला बसायला जागा करून देणे हे आपल्यापैकी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

पाठगत प्रश्न २
(अ) ट्रीझमन यांना दोन गटांच्या अभ्यासात कोणता फरक आढळला?
(आ) ऑस्टिन येथील केंद्र बंद का करावे लागले?
(इ) कोल्हापूर आणि सातारा येथील वसतिगृहांत कोणता भेद होता?

शब्दार्थ

टिकाव – तग धरून राहणे. उपपत्ती – कारणांसह मांडलेला विचार. ठाण मांडणे – जागा न सोडता बसणे. पेच – अडचणीचा प्रश्न. अखत्यारीत – अधिकाराखाली. कोष – किड्याचे स्वतःभोवतीचे वेष्टन. (येथे) स्वतःचे मर्यादित जग. व्यवहार्य – प्रत्यक्षात आणता येण्याजोगे.

भाषाभ्यास

‘बहुसांस्कृतिक’ हा शब्द पाहा. ‘संस्कृती’ या नामाला ‘इक’ प्रत्यय लागून ‘सांस्कृतिक’ हे विशेषण झाले आणि त्याच्या आधी ‘बहु’ हा शब्द आला. ‘इक’ प्रत्यय लागताना पहिल्या अक्षरातील स्वर बदलतो : समाज – सामाजिक, इतिहास – ऐतिहासिक, उद्योग – औद्योगिक.
आता पुढील नामांपासून विशेषणे तयार करा : वर्ष, नीती, शरीर, भूगोल.

आपण काय शिकलात?

• प्रवेश ही शिक्षणाची सुरुवात आहे. टिकण्यासाठी माहिती, मार्गदर्शन आणि सोबत लागते.
• अमेरिकेतील बहुसांस्कृतिक केंद्रे १९६८ च्या सुमारास झालेल्या विद्यार्थ्यांच्या चळवळींतून वाढली.
• गटाने केलेला, आव्हान देणारा अभ्यास अधिक फलदायी ठरतो.
• अशा केंद्रांविषयी मतभेद आहेत. काही राज्यांत ती बंद झाली, तरी त्यांची गरज उरली आहे.

पाठान्त प्रश्न

१. ‘अपयश एकच, पण दोघांनी त्याचे लावलेले अर्थ वेगळे’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. बहुसांस्कृतिक केंद्राची पाच कामे तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘वेगळी खोली की एकच अंगण’ या विषयावर दोन्ही बाजू मांडून तुमचे मत दहा ओळींत लिहा.
४. तुमच्या गावातून किंवा वस्तीतून प्रथमच महाविद्यालयात गेलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोला. तिला कोणत्या अडचणी आल्या आणि कोणाची मदत झाली, याची टिपणे तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) अभ्यास आणि समूहजीवनात सामावले जाणे. (आ) त्यांनी मूळ रहिवासी व मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठीही जागा मागितल्या. (इ) १९७०.
२. (अ) एक गट एकट्याने अभ्यास करत होता, तर दुसरा स्वतःच्या अभ्यासानंतर एकत्र बसून उत्तरे तपासत होता. (आ) टेक्सास राज्याचा २०२३ चा कायदा अमलात आल्यामुळे. (इ) कोल्हापुरात समाजवार वसतिगृहे होती. साताऱ्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत.
भाषाभ्यास : वार्षिक, नैतिक, शारीरिक, भौगोलिक.